पडत्या भावात हात घालू नये

काकासाहेबांना सगळं सोनई गाव आण्णा म्हणतं. मीही म्हणते, पण गेल्या महिन्यापासून तो शब्द तोंडातून काढायचा म्हणजे जिवावर येतं. माणूस वाईट असता तर चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. पण त्यांनी कधी कुणाला फसवलं नाही, मापात पाप केलं नाही, दारू नाही, तंबाखू नाही, बायकोवर हात उचलला नाही. असल्या माणसाचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

मी शुभांगी. बस स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. लग्नाआधी पुण्यात एका दुकानात हे काम शिकले, मग इथं नांदायला आले. सुरुवातीला गिऱ्हाईक दारात उभं राहून विचारायचं, मालक कुठं गेलेत? मी म्हणायची, मालक टेम्पो घेऊन वाशीला गेलेत, लॅपटॉप माझ्याच हातात द्यावा लागंल. आता कोणी विचारत नाही. बंद पडलेलं यंत्र चालू झालं की बाई का बुवा हे लोक लगेच विसरतात.

आण्णा कांद्याचे व्यापारी. फार मोठे नाहीत. घोडेगावच्या बाजारात एक गाळा आणि घरामागं कांदा साठवायची चाळ. लिलावाला निघाले की पांढरा पायजमा, वर शर्ट, डोक्याला टोपी. ढिगात कोपरापर्यंत हात घालायचे, आतला एक कांदा काढायचे, तळहातावर चोळायचे, वास घ्यायचे आणि पुढं जायचे. बोलायचे काही नाहीत. बाकीचे व्यापारी त्यांच्या तोंडाकडं बघत असायचे. आण्णांनी बोली लावली म्हणजे भाव चढणार, आण्णा हात मागं बांधून उभे राहिले म्हणजे पडणार. शेतकरीसुद्धा म्हणायचे की आधी आण्णांचे हात कुठं आहेत ते बघावं.

ह्याला कारण त्यांचा नियम. तरुणपणी त्यांनी एकदा पडत्या बाजारात चाळ भरली. स्वस्त मिळतोय म्हणून भरली. भाव आणखी पडला, मग आणखी पडला, आणि कांदा चाळीतच सडला. त्याचं पाणी गल्लीतनं वाहत गेलं. मालनबाई म्हणजे त्यांची बायको, ती अजून सांगते की पोळीलासुद्धा तोच वास यायचा, जेवण घशाखाली उतरायचं नाही. तेव्हा आण्णांनी कानाला खडा लावला. माल पडत असला की हात घालायचा नाही. तळ लागू द्यायचा. एकदा उठला तरी भुलायचं नाही. दुसऱ्यांदा उठला की मग घ्यायचा, चार पैसे जास्त गेले तरी बेहत्तर. कांद्यात हा नियम त्यांना कधी खोटा ठरला नाही. सोन्यातही ठरला नाही, सोनं चढतच होतं आणि आण्णा चढत्यात घेतच होते. लोक त्यांना विचारून घरं बांधायचे, विचारून बैल विकायचे.

पण जगातली प्रत्येक वस्तू कांदा नसते, हे त्यांना सांगणार कोण? टीव्ही दर दिवाळीला स्वस्त होतो, म्हणून त्यांच्या घरात टीव्ही नाही. मोबाईल बटणाचा, कारण टचवाला दर महिन्याला उतरतोय. गावात ह्यावर हसायचे सगळे. कोणी म्हणायचं, आण्णांच्या घरात वीज आली तीच मोठी गोष्ट. आण्णा पण हसायचे. नाकानं कांदे सोलणारी माणसं मी पुष्कळ बघितली, हे तसले नव्हते. दुसऱ्याला शहाणपण शिकवायला जायचे नाहीत. स्वतःच्या घरापुरतं मात्र दगडावरची रेघ.

शनिवारी शिंगणापूरला जाणाऱ्या गाड्यांनी रस्ता तुंबला की ते माझ्या दुकानात येऊन बसायचे. पंख्याखाली टोपी काढून ठेवायचे आणि विचारायचे, काय म्हनतोय बाजार? त्यांना सगळ्या बाजारांची गोडी होती. मी सांगायची, आज अमुक चार्जर महागला, तमुक बॅटरी उतरली. त्यातच एकदा एसएसडीचा विषय निघाला आणि तिथंच माशी शिंकली.

जुन्या लॅपटॉपात एक तबकडी फिरत असते, तिच्यावर सगळं साठवलेलं. ती जुनी झाली की घरघर करते आणि लॅपटॉप मुंगीच्या पावलानं चालतो. एसएसडीत काही फिरत नाही, बिस्किटाएवढी चपटी वस्तू, ती बसवली की तोच जुना लॅपटॉप पळायला लागतो. माझं निम्मं दुकान ह्याच कामावर चालतं. आणि त्या वर्षी तिचे भाव धडाधड पडत होते. ज्या पैशात आधी दोनशे चाळीस जीबीची यायची त्यात पाचशेची यायला लागली, आणि ती आणून फळीवर मांडते न मांडते तोवर तीही उतरायची. आण्णांना ह्याची मोठी गंमत वाटली. दर शनिवारी विचारायचे, ती तुझी चपटी वडी कितीवर आली? मी सांगायची. ते मान हलवायचे.

त्यांना एकच लेक, ज्ञानेश्वरी. घरात ज्ञानू. बी.कॉम. झाली, मराठी टायपिंगची परीक्षा दिली, आणि पोरीचा हात असा चालायचा की बघत राहावं. दहाही बोटं, मान वर, माझ्याशी गप्पा मारता मारता कुणाचाही अर्ज लिहून व्हायचा. माझ्या दुकानात बसून तिनं निम्म्या गावाचे अर्ज टाइप केलेत. मला वहिनी म्हणायची. मला नणंद नाही, पण ती कसर तिनं भरून काढली, भांडणासकट.

पुण्याच्या एका लहान कंपनीत तिला घरबसल्या काम मिळालं. लोक फोनवर तक्रारी सांगतात, ते रेकॉर्डिंग ऐकायचं आणि मराठीत टाइप करून पाठवायचं. लॅपटॉप स्वतःचा हवा, एवढीच अट. तिच्याकडं होता. बारावीच्या निकालाला मामानं दिलेला. मामाचा आहेर नाकारता येत नाही, म्हणून तेवढा एक लॅपटॉप आण्णांच्या उंबऱ्याच्या आत आला होता, नाहीतर तोही आला नसता.

ह्या कामावर पोरीचं सगळं अवलंबून होतं. संगमनेरकडचं एक स्थळ आलेलं होतं. मोठा गोठा, वीस-बावीस गाई, मुलगा बारावी नापास. तिनं आण्णांचे पाय धरले. आण्णांनी शब्द दिला: सलग तीन महिने पगार आणून दाखव, दोन वर्षं लग्नाचं नाव काढणार नाही. आणि आण्णांनी शब्द दिला म्हणजे दिला, त्यात शंका नाही. ज्ञानू त्या दिवशी दुकानात आली आणि मला मिठी मारून रडली. म्हणाली, दोन वर्षांत मी काहीतरी होते वहिनी, बघाच तुम्ही.

पहिला महिना रडतखडत गेला. लॅपटॉपची तबकडी मरायला टेकली होती. चालू करायचा, चहा टाकायचा, चहा पिऊन कप विसळून यायचं, तरी पडद्यावर ते गोल फिरतंच आहे. रेकॉर्डिंग मधेच अडकायचं. बोटं तयार, काम समोर, आणि यंत्र हलेना. दुसऱ्या महिन्यात कंपनीच्या बाईनं सांगितलं की तुझं टायपिंग सगळ्यांत चांगलं आहे, पण काम उशिरा येतं. महिनाअखेरीला ते ऑनलाइन तपासणार होते. यंत्र वेगात चाललं तर पुढं, नाहीतर थांबायचं.

मी लॅपटॉप उघडून बघितला. बाकी सगळं ठणठणीत. एक एसएसडी टाकली की काम फत्ते. तिच्या पगारात कितीतरी आल्या असत्या, पण पगार आण्णांच्या हातात द्यायचा आणि घरात वस्तू आण्णांनी आणायची, ही त्या घरातली रीत. शनिवारी आण्णा आले तेव्हा मीच विषय काढला. त्यांनी आधी विचारलं, मागल्या शनवारी काय भाव हुता? मी सांगितला. आज? मी तोही सांगितला. मी मूर्ख, खरं सांगितलं. तो उतरलेला होता.

"मग थांबू," ते म्हणाले.

मी म्हटलं, आण्णा, ह्याला तळ नसतो. हे दर वर्षी स्वस्तच होत जाणार, आणि त्याच पैशात दुप्पट जागा मिळत जाणार. ह्यात थांबला तो थांबलाच. गरज आहे तेव्हा घ्यायचं आणि वापरायचं.

"बिनतळाचा माल मी बघितला न्हाई. विहिरीलाबी तळ असतो. आन दुप्पट देत्यात म्हंजे काय, तर कंपनीकडं माल पडून हाय. पडून राहिलेला माल शाना मानूस घेतो का?"

तसं बघितलं तर ते खरंच बोलत होते. कंपन्यांकडं माल पडूनच होता, सगळीकडं तेच छापून येत होतं. माझ्यापेक्षा ह्या टोपीवाल्या माणसाला बाजार जास्त कळत होता. फक्त लेकीचा महिना संपत आला होता, ते कळत नव्हतं. मी त्यांना ते पण सांगितलं. ते म्हणाले, कंपनी चांगली असंल तर थांबंल की चार दिवस.

मी काय केलं, माझ्याकडची एक एसएसडी त्या लॅपटॉपात बसवली आणि ज्ञानूला म्हटलं, पैशाचं नाव काढायचं नाही, गप घरी जा. घरी गेल्यावर तिचा फोन आला. नुसती हसत होती. सगळं साचलेलं काम तिनं चार दिवसांत उडवलं. कंपनीच्या बाईनं शाबासकी दिली. मला वाटलं, चला, एका पोरीचं भलं झालं.

पण मालनबाईच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ. बिचारी आनंदानंच बोलली. जेवायला वाढताना म्हणाली, ज्ञानूचा लॅपटॉप आता काय झटकन चालू होतो, मला चहा ठेवायला पण सवड मिळत नाही. आण्णा जेवता जेवता थांबले. लेकीला विचारलं. लेक खोटं बोलायला शिकलेली नव्हती.

सकाळी ते लॅपटॉप पिशवीत घालून दुकानात आले. ज्ञानू मागं उभी होती. आण्णा रागावलेले नव्हते, तेच जास्त वाईट. खुर्चीवर बसले, टोपी काढली, आणि विचारलं की ही वडी मला केवढ्याला पडली होती. मी सांगितलं. आज नवीन मागवली तर केवढ्याला? मी स्क्रूची डबी आवरायला लागले. त्यांनी परत विचारलं. मी सांगितलं. त्या चार दिवसांत पुन्हा उतरली होती.

"बघ. चार दिवसांत पडली," ते म्हणाले. "हे नुकसान माझ्या घरात नको. काढ."

मी म्हटलं, आण्णा, पैसे मागतंय कोण, माझी भेट समजा. ते म्हणाले की मग तर आणखी वाईट, माझा तोटा त्यांच्या दारात येऊन बसणार. मी म्हटलं, तपासणी परवावर आलीय, निदान तोवर तरी राहू द्या. ज्ञानू मागनं म्हणाली, आण्णा, फक्त परवापर्यंत. तिचा आवाज इतका बारीक होता की मला तिच्या बापापेक्षा तिचाच राग आला. ओरड की जरा, असं वाटलं. आण्णांनी तिच्याकडं वळून मायेनं सांगितलं, बाळा, एकदा नियम मोडला की मानूस मोडतो. आणि बसून राहिले. गिऱ्हाईक आलं, गेलं, ते बसूनच. वस्तू त्यांची, घर त्यांचं, लेक त्यांची. शेवटी मी स्क्रू काढले. जुनी तबकडी परत बसवली. ती घरघर करायला लागली तेव्हा आण्णा उठले, आणि माझी मजुरी टेबलावर ठेवून गेले. नको म्हटलं तरी ठेवून गेले.

तपासणीच्या वेळी लॅपटॉप मधेच अडकला. ज्ञानू समोर बसलेली, ती बाई पलीकडनं हॅलो हॅलो करतेय, आणि पडद्यावर तिचं तोंड तसंच थिजलेलं. आठ दिवसांनी कंपनीनं कळवलं की माफ करा. तीन महिने झाले नाहीत. आण्णांनी शब्द मोडला नाही. शब्द पाळूनच त्यांनी संगमनेरला फोन लावला.

आता लग्नाचं ऐका. आण्णांना त्याचा फार अभिमान. हल्ली मुली कमी आणि लग्नाळू पोरं उदंड, त्यामुळं पोराकडचे हात जोडून येतात. ना हुंडा, ना मानपान, लग्नाचा सगळा खर्च त्यांनी केला. आण्णा मला म्हणाले की पोरींची मागणी चढती आहे तोवर उजवून टाकावी, दोन वर्षं थांबलो असतो तर काय सांगता येतं. माझ्या तोंडून निघून गेलं, आण्णा, लेक काय कांदा आहे? त्यांना ते लागलं. म्हणाले, लेकीसाठीच करतोय ना सगळं, चांगलं घर मिळालंय. आणि खरंच, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाप म्हणून ह्या माणसात खोट काढायला जागाच सापडत नाही, काय करू? लॅपटॉप तिनं बरोबर नेला. कपड्यांच्या तळाशी, टॉवेलात गुंडाळून.

पहिल्या दिवाळीला आली तेव्हा हाताला भेगा पडलेल्या, अंगाला शेणाचा वास. पहाटे धारा, मग शेण, मग वैरण, परत धारा. लॅपटॉप माळ्यावर ठेवलाय म्हणाली, सासूला उंदरांची भीती वाटते म्हणून पोत्यात. मी विचारलं, उघडतेस का कधी? तिनं विषय बदलला. आण्णा शनिवारी यायचे ते येतच होते. वडीचा भाव विचारायचे. मधे एकदा भाव उठला, तेव्हा त्यांनी कान टवकारले, पण पुन्हा बसला. ते हसून म्हणाले, बघ, पहिल्या उठावाला भुललो असतो तर? आता ती वडी घेऊन करणार काय होते, ते त्यांना विचारायची माझ्यात ताकद नव्हती. त्यांना नुसतं बरोबर ठरायचं होतं, आणि ते ठरत होते.

गेल्या दिवाळीच्या सुमाराला ज्ञानूचा हात वैरण कापायच्या कुट्टी मशीनमध्ये गेला. ओला मका आत सारत होती. वैरणीची पेंढी गुंतली, ती सोडवायला गेली आणि मशीननं मक्याबरोबर हात ओढला. उजव्या हाताची चारही बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला.

दवाखान्यात मी गेले होते. ती भिंतीकडं तोंड करून पडलेली. मालनबाई तिच्या पायाशी बसून पाय चेपत होती, बस चेपतच होती. आण्णा बाहेर बाकावर बसून ढसाढसा रडत होते, शेजारच्या पेशंटची माणसं त्यांना पाणी देत होती. माझाही राग तेवढ्यापुरता वितळला. म्हटलं, शिक्षा झाली ह्या माणसाला, आता पुरे.

सासरच्यांनी दोन महिने वाट पाहिली. मग एका सकाळी पिकअप आली. ज्ञानू, तिच्या पिशव्या आणि पोत्यातला लॅपटॉप. सासू उतरलीसुद्धा नाही. आतूनच म्हणाली, आमच्याकडं बसून खानारं कोनी न्हाई, हात बरा झाला की कळवा. बरा झाला की! बोटं काय मेथीची भाजी आहे, खुडली की पुन्हा फुटायला? नवरा ड्रायव्हरशेजारी बसून मोबाईल बघत होता.

आणि नेमकं तेव्हाच वडीच्या भावानं उसळी घेतली. एआयवाल्यांच्या डेटाच्या मोठमोठ्या कोठारांना एसएसडीत असतात त्या चिपा कमी पडायला लागल्या म्हणे, सगळा माल तिकडं चालला. माझा पुरवठादार सकाळी एक भाव सांगायचा, दुपारी दुसरा. मधला तो एक उठाव सोडला तर इतकी वर्षं जी वस्तू पडतच होती ती उठली, आणि पंधरवड्यात पुन्हा उठली. गिऱ्हाईकं माझ्या नावानं बोटं मोडायला लागली.

त्या शनिवारी आण्णा आले ते उभ्यानंच बोलले. चेहऱ्यावर तेज, लिलावात यायचं तसं.

"दुसऱ्यांदा उठला ना?"

मी हो म्हटलं.

"मग दे. मोठ्यात मोठी दे."

मी विचारलं, आता कशाला? ते सांगायला लागले. ज्ञानूला आता बसून काम पाहिजे, गाईच्या मागं जायचं तिच्याच्यानं होणार नाही. ती पुण्याची कंपनी तिला परत घेईल, ती बाईच म्हणाली होती ना की हिच्याइतकं टायपिंग कुणाचं नाही? यंत्र तेवढं जोरात पाहिजे. त्यांनी सगळा विचार केला होता. पोरीचं आयुष्य पुन्हा उभं करायला निघाले होते बापडे, आणि बरोबर वेळेला निघालो ह्याचा त्यांना आनंद झाला होता. तो आनंद लपत नव्हता. माझं डोकं सणकलं. म्हणणार होते, आण्णा, टायपिंग एसएसडी करत नाही, बोटं करतात. पण हात फळीकडं गेला. दोन टीबीची, म्हणजे दोन हजार जीबीची होती, माझ्याकडं तेवढी एकच, ती काढली. तेव्हा जिच्या आठव्या हिश्श्याएवढ्या जागेत पोरीचं काम भागलं असतं, ती ही. पैसे त्यांनी घासाघीस न करता मोजले. चढत्या मालाला घासाघीस करू नये, असंही म्हणाले.

त्यांनी पाठवून दिलेला लॅपटॉप उघडला तर आतून वैरणीचा भुसा निघाला. ब्रशनं साफ केला, वडी बसवली, चालवून बघितला. वाऱ्यासारखा पळत होता. मेलं माझं काम मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघं आले. ज्ञानूनं उजवा हात ओढणीखाली घेतलेला. आण्णांनी तिला स्वतः खुर्ची सरकवून दिली आणि मला म्हणाले, चालू कर. मी बटण दाबलं आणि त्यांचं पुढचं वाक्य पुरं व्हायच्या आत पडदा उजळला. "बघ ज्ञानू," ते म्हणाले, "आता थांबायचं काम न्हाई. लिही काहीतरी."

तिनं डावा हात पुढं केला. सवयीनं स्वतःचं नाव लिहायला गेली. पण ज्ञ काढायला कीबोर्डच्या दोन कळा एकदम दाबाव्या लागतात. डाव्या बोटानं एक दाबली, दुसरीसाठी उजवा अंगठा पुढं करायला गेली, आणि ओढणी सरकली. तळहात तिथं मधेच संपलेला, कातडी ओढून शिवलेली, अजून लाल. अंगठा कळेवर टेकला आणि शेजारी घसरला. पडद्यावर भलतंच काहीतरी उमटलं. तिनं ते पुसलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिनं हात परत ओढणीखाली घेतला. आण्णा म्हणाले, सवयीनं जमंल.

ज्ञानूनं मला विचारलं, ही केवढ्याला पडली वहिनी? मी सांगितलं. तिनं विचारलं, भाव अजून वर जाणार का? मी म्हटलं, सगळे तसंच म्हणतात. मग ती बापाकडं वळली. आवाज चढलेला नाही, डोळ्यांत पाणी नाही. इतक्या वर्षांत त्यांच्याशी इतकं स्पष्ट बोलताना मी तिला ऐकलेलं नव्हतं.

"आण्णा, माल चढत्यात हाय. माझ्याकडं पडून राहील नुसता. इकून टाका."

मला वाटलं, आता हा माणूस कोसळणार. मी खुर्ची धरायला पुढं झाले. आण्णांनी लॅपटॉपकडं पाहिलं. ओढणीकडं पाहिलं. थोडा वेळ त्यांचे ओठ हलत होते, आवाज न करता, लिलावात हिशोब करताना हलतात तसे. मग माझ्याकडं वळले.

"शुभांगी," त्यांनी विचारलं, "अजून किती चढंल?"